होरेसचा बाप

साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात होरेस येतो तो 'आर्स पोएटिका'चा कर्ता म्हणून. काव्य कसे असावे, औचित्य म्हणजे काय, लिहिलेले नऊ वर्षे झाकून ठेवावे की नाही, अशा काही मुद्द्यांची टिपणे मुलांना द्यायची, परीक्षेत एक प्रश्न विचारायचा आणि पुढे लाँजायनसकडे वळायचे, असा रिवाज आहे. मीही काही वर्षे असेच शिकवले. टिपणांत सुरुवातीला कवीचा परिचय असतो. 'जन्म इ.स.पू. 65, व्हेन्यूझिया. शिक्षण रोम व अथेन्स. सम्राट ऑगस्टसच्या काळातील थोर भावकवी.' या तीन वाक्यांत कुठेही न बसलेली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. होरेसचा बाप गुलाम होता. मालकाने मुक्त केलेला गुलाम.

मला लॅटिन येत नाही. आमच्या घरात संस्कृत नव्हते, तसे लॅटिनही असण्याचा प्रश्न नव्हता. होरेस मी वाचला तो इंग्रजी भाषांतरांतून आणि ओळीओळीचा अर्थ उलगडणाऱ्या टीकांतून. त्यामुळे त्याच्या वृत्तांच्या नादाविषयी बोलण्याचा अधिकार मी घेत नाही. पण एखादा कवी काय बोलतो, कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे समजायला ज्या कानांची गरज असते ते कान आपल्याला जन्मानेच मिळालेले आहेत. या लेखात मला तेवढेच करायचे आहे. युरोपच्या भावकवितेचा पाया ज्याने घातला असे मानतात, त्याच्या कवितेत त्याच्या बापाला जागा कुठे मिळाली आणि कुठे मिळाली नाही, ते पाहायचे आहे. हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमचा आहे. परंतु शिकून वर आलेल्या आणि लिहू लागलेल्या आपल्या पिढीला तो परका वाटेल असे मला वाटत नाही.

प्रथम बापाची हकिकत. ती होरेसनेच 'सटायर्स'च्या पहिल्या पुस्तकातील सहाव्या कवितेत सांगितली आहे. बापाकडे थोडी हलकी जमीन होती आणि लिलावात पैसे वसूल करण्याचे काम तो करी. गावात एक शाळा होती. फौजेतल्या बड्या शतकाधिपतींची मुले तिथे पाटी-दप्तर डाव्या खांद्याला अडकवून, महिन्याची फी हातात घेऊन जात. बापाने मुलाला त्या शाळेत घातले नाही. त्याने थेट रोम गाठले आणि सरदार-दरकदार आपल्या मुलांना जे शिक्षण देत तेच आपल्या मुलाला दिले. त्या काळी बड्या घरच्या मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी एक गुलाम ठेवलेला असे. होरेसच्या बाबतीत ते काम बापाने स्वतः केले. एकेका गुरूच्या दारी तो मुलाबरोबर जाई आणि त्याच्यावर लक्ष ठेवी. एके काळचा गुलाम पुन्हा गुलामाचे काम करीत होता, परंतु या वेळी ते स्वतःच्या मुलासाठी होते आणि स्वतःच्या मर्जीने होते.

याच कवितेत आणखी एक तपशील आहे. भाषांतरकार त्यावरून चटकन पुढे सरकतात, मला सरकता येत नाही. मुलाचे कपडे आणि त्याच्या मागे चालणारे गुलाम पाहून लोकांना वाटावे की हा खर्च वाडवडिलांच्या इस्टेटीतून होतो आहे, असे होरेस सांगतो. म्हणजे आपला मुलगा गुलामाचा मुलगा म्हणून ओळखू येऊ नये यासाठी या माणसाने मुलाच्या मागे गुलाम चालवले. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या मागे किती माणसे चालतात यावर ठरते, त्या समाजात बाप दुसरे काय करणार होता? पण ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढे मुलाच्या कवितेत हेच घडणार आहे.

होरेस अथेन्सला शिकायला गेला. तिथे सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने सैन्य जमवले तेव्हा तो त्यात शिरला आणि 'ट्रिब्यून' या मोठ्या हुद्द्यावर चढला. इ.स.पू. 42 मध्ये फिलिपीच्या लढाईत ब्रूटसचा पराभव झाला. होरेस परतला तेव्हा बापाची जमीन जप्त झालेली होती. माफी मिळाली, सरकारी खजिन्याकडे कारकुनाची जागा विकत घेतली आणि तो कविता लिहू लागला. व्हर्जिल व व्हॅरियस या कवींनी त्याला मायसेनसकडे नेले. मायसेनस हा ऑगस्टसचा निकटचा सल्लागार आणि कवींचा आश्रयदाता होता. त्या पहिल्या भेटीत होरेसच्या तोंडून अडखळत चार शब्द निघाले. नऊ महिन्यांनी पुन्हा बोलावणे आले आणि तो त्या वर्तुळात गेला. पुढे सॅबाइन टेकड्यांत त्याला शेतीवाडी मिळाली.

या काळात लोक त्याला काय म्हणत हेही त्यानेच लिहिले आहे. मुक्त गुलामाचा पोर, हा शब्द त्याच्या मागे सावलीसारखा होता. स्वेटोनियसने लिहिलेल्या चरित्रात अशी आठवण आहे की, कोणीतरी भांडणात होरेसला ऐकवले, तुझ्या बापाला हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसताना मी किती वेळा पाहिले आहे. खारवलेली मासळी विकणाऱ्याचे हात बरबटलेले असत, म्हणून तो टोमणा. जातीचे नाव न घेता जात कशी काढावी, ही कला जगभर एकसारखीच दिसते.

त्या कवितेतले होरेसचे उत्तर मोठे आहे. मला पुन्हा जन्म निवडण्याची मुभा दिली तरी मी हाच बाप निवडीन, असे तो म्हणतो. युरोपीय वाङ्मयात मुलाने बापाविषयी लिहिलेल्या इतक्या जिव्हाळ्याच्या ओळी थोड्या असतील. ते वाचताना मला माझे वडील आठवले. ते मार्केट यार्डात हमाल होते. आठवीला तालुक्याच्या शाळेत माझे नाव घालायला आले तेव्हा ते आत आले नाहीत, फाटकाजवळच्या लिंबाखाली उभे राहिले. पाठीवर पोत्याचा डाग असलेला सदरा बदलायला वेळ मिळाला नव्हता एवढेच त्यांनी कारण सांगितले. मी प्राध्यापक झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, 'वडील काय करतात?' मी म्हणालो, 'मार्केट यार्डात असतात.' यात खोटे काही नव्हते. पाठीवरचे पोते तेवढे मी वगळले होते.

वगळणे ही गोष्ट मला यानंतर होरेसच्या कवितेत जागोजागी दिसू लागली. बापाचे गुणगान करणाऱ्या त्याच कवितेच्या आरंभी तो मायसेनसची स्तुती करतो. मायसेनस इतका उदार की, माणसाचा बाप कोण हे तो पाहत नाही. मात्र त्यालाच जोडून एक अट येते. माणूस स्वतः जन्माने स्वतंत्र असला पाहिजे. रोमन कायद्याप्रमाणे मुक्त गुलामाला झालेला मुलगा जन्माने स्वतंत्र ठरे. म्हणजे होरेस त्या अटीत बसत होता. त्याचा बाप बसत नव्हता. ज्या दारातून मुलगा आत गेला त्या दारातून त्याचा बाप कधीच आत जाऊ शकला नसता, आणि ही अट मुलाने कृतज्ञतेच्या सुरात, काहीही खटकल्याचे न दाखवता लिहून ठेवली आहे. बाप पुन्हा एकदा फाटकाबाहेर उभा आहे.

आता भावकवितेकडे वळू. 'लिरिक' हा शब्द 'लायर' या ग्रीक तंतुवाद्यावरून आला. त्या वाद्याच्या साथीने गायचे ते लिरिक. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकात लेस्बॉस बेटावर सॅफो आणि अल्कीयस हे दोन कवी झाले. त्यांची वृत्ते, त्यांचा 'मी', त्यांचे प्रेम, मद्य, मित्र, राजकारण हे सारे होरेसने लॅटिनमध्ये आणले. सॅफो आणि अल्कीयस दोघेही उच्चकुलीन घराण्यांतले मानले जातात. अल्कीयसचा राग हा सत्ता गमावलेल्या सरदाराचा राग आहे. म्हणजे जो गळा होरेसने उसना घेतला तो मूळचा सरदारांच्या मेजवानीतला होता.

पण ग्रीकांकडे दुसराही गळा होता. पारॉस बेटावरचा आर्किलोकस हा सॅफोच्याही आधीचा. क्रिटियस नावाच्या अथेन्सच्या एका सरदाराने त्याच्यावर घेतलेला आक्षेप एलियनने नोंदवून ठेवला आहे आणि तो प्रत्येक दलित लेखकाने वाचावा असा आहे. क्रिटियसची तक्रार अशी की, आर्किलोकसने स्वतःचीच बदनामी केली. तो दासीच्या पोटचा होता, गरिबीमुळे त्याला गाव सोडावे लागले, रणात त्याने ढाल टाकली, या गोष्टी त्याच्या शत्रूंनी सांगितलेल्या नाहीत, त्यानेच आपल्या कवितेतून सांगितल्या. तो बोलला नसता तर आपल्याला कळल्याही नसत्या! हा क्रिटियस म्हणजे इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सची लोकशाही मोडून जे तीस जुलमी सत्तेवर आले त्यांच्यातला एक पुढारी. 1978 मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यामागून इतर आत्मकथने आली तेव्हा, हे सारे चव्हाट्यावर कशाला मांडायचे, असा प्रश्न आपल्यातल्याच काही शिकलेल्यांनी विचारला होता. तो प्रश्न किती जुना आहे आणि तो पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आला, हे त्यांना सांगावेसे वाटते.

होरेसला आर्किलोकस ठाऊक होता. पारॉसची वृत्ते मीच प्रथम लॅटिनमध्ये आणली असा त्याचा दावा आहे. त्याने वृत्ते आणली, पण आर्किलोकसचे सांगणे आणले नाही. ढाल टाकून पळाल्याचे तो एका ओडमध्ये हसत कबूल करतो. आपण गुलामाच्या वंशाचे आहोत हे तो तिथे सांगत नाही.

होरेसची ओड्सची पहिली तीन पुस्तके इ.स.पू. 23 च्या सुमारास आली, चौथे सुमारे दहा वर्षांनी. चारही मिळून 103 कविता. युरोपच्या भावकवितेवर ज्यांचा ठसा उमटला त्या याच. आणि या 103 कवितांत बाप गुलाम होता हे एकदाही आलेले नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तो आपण गरीब आईबापांच्या रक्ताचे आहोत असे म्हणतो, तिसऱ्याच्या अखेरीस आपण खालच्या स्थितीतून सामर्थ्याला पोचलो असे म्हणतो. गरिबी आली, गुलामी आली नाही. 'सटायर्स' आणि पत्रकविता यांत जो शब्द तो स्वतःहून उच्चारतो तो ओड्समध्ये त्याच्या बापासाठी नाही. बोलीच्या जवळ जाणाऱ्या हलक्या प्रकारात बाप चालतो. वाद्यावर गायच्या उंच प्रकारात त्याला प्रवेश नाही. कोणी म्हणेल हा काव्यप्रकाराचा संकेत आहे, कवीचा दोष नव्हे. मान्य. पण आपल्याला विचारायचे आहे ते हेच, की हा संकेत कोणी ठरवला आणि तो पाळण्याची किंमत कोणी मोजली?

ओड्समध्ये गुलाम मुळीच नाहीत असे मात्र नाही. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी एक आठ ओळींची सुंदर कविता आहे. तीत कवी मेजवानीच्या तयारीत असलेल्या पोऱ्याला सांगतो की, फार थाटमाट नको, साधी मर्टलची डहाळी पुरे. साधेपणाचे हे गाणे रसिकांनी डोक्यावर घेतले. तो पोऱ्या गुलाम आहे. साधेपणा मालकाचा आणि वाढण्याचे काम पोऱ्याचे. दुसऱ्या पुस्तकातल्या चौथ्या कवितेत कवी एका मित्राची थट्टा करतो. दासीवर प्रेम जडले म्हणून लाजू नकोस, तिचे घराणे राजकुळातले असले पाहिजे, इतकी एकनिष्ठ आणि निर्लोभ मुलगी लाज वाटावी अशा आईच्या पोटी जन्मलेली असूच शकत नाही. त्या दासीचे नाव फिलिस. ही थट्टा कोण करतो आहे? ज्याला स्वतःच्या बापामुळे आयुष्यभर टोचणी सोसावी लागली तो. चांगले गुण दिसले की कूळ मोठे असणारच, या अभिजनांच्या तर्कावर तो हसतो आहे की त्या तर्कात सामील होतो आहे, हे ठरवणे कठीण आहे. मला ते दोन्ही वाटते, आणि म्हणूनच ती कविता मला अस्वस्थ करते.

त्याहून अस्वस्थ करतो तो बेडीचा शब्द. ओड्समध्ये प्रेमाला तो गोड बेडी म्हणतो, दोनदा म्हणतो. एकदा ती बेडी घालणारी स्त्री स्वतः मुक्त दासी आहे, मिर्टाली नावाची. या ठिकाणी मुक्त दास्याचा तो शब्द ओडमध्ये आला. बापासाठी न आलेला शब्द प्रेयसीसाठी आला, आणि तोही बेडीच्या लाडक्या रूपकासह. बापाच्या पायात कधी खरी बेडी होती की नाही हे इतिहास सांगत नाही. पण बेडी म्हणजे काय हे ज्या घरात ठाऊक असणार, त्या घरच्या मुलाने ती अलंकार म्हणून वापरली. युरोपातल्या प्रेमकवींनी पुढे शतकानुशतके प्रेमाच्या बेड्या गायिल्या. त्यांच्यापैकी बहुतेकांना तो निव्वळ अलंकार होता. होरेसला तो तसा असू शकत नव्हता.

कारण खरी बेडी कशी असते हे त्याने एकदा लिहिले आहे. 'एपोड्स'मधली चौथी कविता एका नवश्रीमंताला उद्देशून आहे. हा माणूस पूर्वी गुलाम होता. त्याच्या कुशीवर दोरखंडाच्या फटक्यांचे वळ आहेत, पायांवर बेड्यांचे घट्टे आहेत. आता तो लांबलचक झगा घालून रोमच्या पवित्र रस्त्यावरून मिरवतो आणि येणारे-जाणारे संतापाने तोंड फिरवतात. असला माणूस सैन्यात ट्रिब्यून होतो, मग लढायचे कशासाठी, असे लोक विचारतात. होरेस त्या लोकांच्या बाजूने उभा आहे. ट्रिब्यून! फिलिपीच्या आधी ज्या हुद्द्यावर होरेस स्वतः चढला होता आणि ज्यासाठी त्यानेच सांगितल्याप्रमाणे लोकांनी त्याला मुक्त गुलामाचा पोर म्हणून दात खाल्ले होते, तोच हुद्दा. आपल्यावर फेकलेला दगड त्याने उचलला आणि आपल्याहून एक पायरी खाली असलेल्या माणसावर फेकला.

जाणकार सांगतात की, नवश्रीमंताची टिंगल हा त्या काव्यप्रकाराचा ठरीव विषय होता आणि कवितेतला 'मी' म्हणजे होरेस नव्हे. असेल. परंतु त्या माणसाच्या अंगावरचे वळ ही टिंगलीची वस्तू होऊ शकतात, हे तर त्या संकेतानेच मान्य केले आहे. वळ ही मारणाऱ्याची लाज असायला हवी. तिथे ती मार खाणाऱ्याची लाज झाली. शिकून वर गेलेल्या माणसाची सगळ्यात मोठी परीक्षा इथे असते. आपण वर गेलो म्हणजे खालचे वळ आपल्याला कोणाच्या डोळ्यांनी दिसू लागतात? आपल्या वस्तीतल्या माणसाच्या बोलण्याला, त्याच्या नव्या गाडीला, त्याच्या लग्नातल्या बँडला आपण ज्या स्वरात हसतो, तो स्वर कुठून शिकलो?

होरेसवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'सटायर्स'च्या दुसऱ्या पुस्तकात सातव्या कवितेत डेव्हस नावाचा त्याचा गुलाम बोलतो. सॅटर्नेलिया हा रोमनांचा डिसेंबरातला सण. त्या दिवसांत गुलामांना मोकळेपणाने बोलण्याची सूट असे. डेव्हस मालकाला सुनावतो की, तूही गुलामच आहेस, आपल्या वासनांचा, बड्यांच्या बोलावण्याचा. मायसेनसकडून उशिरा निरोप आला की तू कसा धावतोस ते मी पाहतो. हे गुलामाच्या तोंडी घालण्याचे धैर्य होरेसमध्ये होते. पण कवितेचा शेवट काय होतो? मालक चिडतो आणि म्हणतो, चालता हो, नाहीतर सॅबाइन शेतावरचा नववा मजूर करून पाठवीन. म्हणजे शेतावर आधीचे आठ आहेत. गुलामाच्या नातवाच्या पिढीपर्यंतही गोष्ट गेली नाही. गुलामाच्या मुलाच्याच शेतावर आठ गुलाम राबत होते आणि त्यांच्या श्रमावर निवांतपणाची ती अजरामर कविता उभी होती.

इथे बाबासाहेबांचे विवेचन आठवल्याशिवाय राहत नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी रोमन गुलामांचे उदाहरण घेतले आहे. रोमन गुलामांत शिक्षक होते, कारागीर होते, विद्वान होते. गुलामाला मुक्त होता येई. अस्पृश्याला अस्पृश्यतेतून सुटका नाही. कायदा गुलाम बाळगण्याची परवानगी देई, सक्ती करीत नसे. अस्पृश्यता ही सक्तीची होती. होरेस हे या विवेचनाचे जिवंत प्रमाण आहे. एका पिढीत गुलामाचा मुलगा रोमचा नागरिक, सेनाधिकारी, सम्राटाचा स्नेही झाला. ऑगस्टसने त्याला आपला चिटणीस होण्यास सांगितले आणि त्याने ते नाकारले, तरी त्याचे काही बिघडले नाही. चातुर्वर्ण्यात असा होरेस संभवत नव्हता. तेव्हा होरेसची आणि आपली स्थिती एक आहे असे मी म्हणत नाही. उलट मी असे म्हणतो की, ज्याला बापाला लपवण्याची आपल्या मानाने फार थोडी गरज होती, त्यालाही उंच कवितेत बापाला लपवावे लागले. यावरून त्या उंचीची रचना कळते.

प्रभावाची चर्चा करणारे समीक्षक होरेसचा वारसा सांगताना पेट्रार्कपासून कीट्सपर्यंत येतात. मी दोन वेगळे वारस सांगतो.

1761 मध्ये पश्चिम आफ्रिकेतून पळवलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी बोस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्या जहाजाचे नाव 'फिलिस', म्हणून तिचेही नाव फिलिस. मालकाचे आडनाव व्हीटली. होरेसच्या थट्टेतल्या दासीचे नाव अठराशे वर्षांनी एका गुलामवाहू जहाजावर आणि तिथून एका खऱ्या मुलीवर येऊन पडले. ही मुलगी इंग्रजी शिकली, लॅटिन शिकू लागली आणि कविता लिहू लागली. एका गुलाम मुलीने हे लिहिले यावर कोणी विश्वास ठेवीना, म्हणून बोस्टनच्या 18 प्रतिष्ठितांनी सह्या करून दाखला दिला. 1773 मध्ये लंडनला पुस्तक निघाले. पहिलीच कविता मायसेनसला उद्देशून आहे. होरेसच्या ओड्सचा पहिला शब्दही मायसेनस हाच. त्या कवितेत ती रोमन नाटककार टेरेन्सची आठवण काढते, तो जन्माने आफ्रिकन होता अशी तळटीप देते आणि आफ्रिकेच्या वंशातील एकालाच ही कृपा का, असा प्रश्न काव्यदेवतांना विचारते. प्रस्थापितांच्या परंपरेत शिरताना तिने आपला माणूस शोधला.

त्याच पुस्तकात अर्ल ऑफ डार्टमथ या मंत्र्याला उद्देशून एक कविता आहे. उमरावाला उद्देशून लिहायची ही सारी रीत होरेसच्या परंपरेची. स्वातंत्र्याविषयीचे माझे प्रेम कुठून आले, असे तुम्ही विचाराल, असे म्हणून ती सांगते की, मला लहानपणी आफ्रिकेतून हिरावून नेले, तेव्हा ज्याच्या हातून लेकरू ओढले गेले त्या माझ्या बापाला काय दुःख झाले असेल! हे लिहिताना ती मुक्त झालेली नव्हती. मालकाच्या घरात, मालकाच्या भाषेत, एका सरदाराला उद्देशून लिहिलेल्या उंच शैलीच्या कवितेत तिने आपला बाप आणला. होरेसला 103 कवितांत जे जमले नाही ते हिने विशीच्या आत केले. संकेत मोडता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

याची किंमत तिने मोजली. पुस्तकानंतर तिला मुक्ती मिळाली, पण दुसरा संग्रह निघू शकला नाही आणि 1784 मध्ये ती गरिबीत वारली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने, तिच्या कविता टीकेच्याही योग्यतेच्या नाहीत, असा शेरा मारला. टेरेन्स, फीड्रस असे रोमन गुलाम थोर झाले, पण ते गोरे होते, असा त्याचा युक्तिवाद होता. रोमन गुलामाचे उदाहरण बाबासाहेबांनी दास्याची रचना उघड करण्यासाठी वापरले. जेफरसनने ते दास्य टिकवण्यासाठी वापरले. अभिजात परंपरा कोणाच्या हातात आहे यावर तिचा अर्थ ठरतो. व्हीटलीच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. आपले आणि त्या बोस्टनच्या मुलीचे नाते तिथपासूनचे आहे.

दुसरा वारस पुश्किन. त्याच्या आईचा आजा अब्राम हॅनिबल हा लहानपणी गुलाम म्हणून आफ्रिकेतून कॉन्स्टँटिनोपलमार्गे रशियाच्या दरबारात आणलेला. होरेसने तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी आपल्या काव्याला स्मारक म्हटले आहे आणि रोमचा धर्मगुरू कॅपिटोलच्या टेकडीवर चढत राहील तोवर आपली कीर्ती वाढेल असे सांगितले आहे. 1836 मध्ये पुश्किनने तीच कविता समोर ठेवून आपले स्मारक रचले. पण त्याने अमरत्वाची दोरी धर्मगुरूच्या आणि साम्राज्याच्या हातून काढून घेतली. जगात एक जरी कवी जिवंत असेल तोवर मी राहीन, असे तो म्हणतो. आणि लोक मला का लक्षात ठेवतील? क्रूर काळात मी स्वातंत्र्याचे गुण गायिले म्हणून. त्याच्या मृत्यूनंतर 1841 मध्ये ही कविता छापताना झुकोव्हस्की या त्याच्या मित्रकवीने स्वातंत्र्याची ती ओळ बदलून निरुपद्रवी केली. वगळण्याचे काम कधी कवी स्वतः करतो, कधी त्याचे हितचिंतक करतात.

मग होरेस टाकून द्यायचा का? माझे उत्तर नाही असे आहे. त्याच्या पत्रकवितांच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तो आपल्या पुस्तकालाच एका देखण्या गुलाम पोराचे रूप देतो. घराबाहेर पडायला, बाजारात जायला उतावीळ झालेला पोर. जा, पण म्हातारपणी कुठल्यातरी कोपऱ्यातल्या शाळेत मुलांना अक्षरे शिकवत बसशील, असे तो त्याला बजावतो. आणि जाताना एक काम सांगतो. लोक जमले की त्यांना सांग, मी मुक्त गुलामाचा मुलगा होतो आणि घरट्याहून मोठे पंख मी पसरले. ओड्समध्ये जे गळ्यातून निघाले नाही ते त्याने पुस्तकरूपी गुलामाच्या तोंडी घातले. निरोप तरी दिला. तो निरोप आमच्या टिपणांनी मधेच गाळला, हा दोष होरेसचा नव्हे.

आपल्या कवितेला गेल्या पन्नास वर्षांत वारंवार उपदेश मिळाला की, आता आक्रोश पुरे, भावकवितेकडे वळा, शुद्ध अनुभव लिहा. 1972 च्या 'गोलपिठा'पासून हा उपदेश चालू आहे. भावकविता आपण लिहावीच. प्रेम, पाऊस, मरण, एकटेपणा यांवर कोणाची वतनदारी नाही. मात्र त्या कवितेत शिरताना दारावरची अट वाचून घ्यावी. बापाला बाहेर ठेवून मिळणारी शुद्धता ही शुद्धता नव्हे. तो त्या दाराचा विटाळ आहे.

यंदा होरेस शिकवायला घेतला तेव्हा फळ्यावर परिचयाची तीन वाक्ये लिहिली आणि त्यांच्या वर चौथे लिहिले: 'वडील: मुक्त गुलाम, लिलावातील वसुलीदार.' मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्गात कधी बोलत नाही, त्याने विचारले, 'सर, हे परीक्षेत लिहायचं का?' मी म्हणालो, 'लिही. सगळ्यात आधी लिही.' मग त्यांनी न विचारताच मी माझ्या वडिलांचे कामही सांगितले. पोत्यासकट.